शालेय पशुपालनशिक्षण, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक विद्यालयांत कृषी या विषयाच्या अंगाने गुरे, डुकरे, मेंढ्या, घोडे आणि कोंबड्या यांच्या जोपासनेचे जे शिक्षण दिले जाते, त्यास शालेय पशुपालनशिक्षण म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते पद्धतशीरपणे सुरू झाले. तेथील कृषिविषयाच्या छात्राध्यापकाला सराव-अध्यापनाच्या काळात पशुधनावरील एखाद्या घटकाचे नियोजन बहुधा करावेच लागते. हा घटक कोठून सुरू करावा, पुस्तकातील जातींच्या वर्णनांपासून, जनावर पारखणाऱ्या नजरेपासून, की विद्यार्थ्याच्या घरच्या गोठ्यापासून, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे वादाचा ठरला आहे. त्याच्या उत्तरांतून या शिक्षणाचे कायदे, पद्धती व संस्था घडल्या आणि त्यांतील काही ठळक चुकाही त्यांतूनच झाल्या.

मॉरिल कायद्यान्वये (१८६२) प्रत्येक राज्याला त्याच्या संसद-सदस्यांच्या संख्येनुसार दर सदस्यामागे ३०,००० एकर (सु. १२,१४० हेक्टर) सरकारी जमीन मिळाली व तिच्या उत्पन्नावर कृषी आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी राहिली. हॅच कायद्याने (१८८७) त्यांना संशोधन केंद्रे जोडण्यात आली. तथापि शेतकऱ्यांचा या ‘पुस्तकी शेती’वर विश्वास नव्हता. महाविद्यालयात गेलेला मुलगा शेतावर परत येत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येई आणि ती निराधार नव्हती. मिनेसोटा विद्यापीठाने १८८८ मध्ये माध्यमिक पातळीवरील कृषिविद्यालय उघडले, ते काहीसे या तक्रारीला उत्तर म्हणून. कॉर्नेल विद्यापीठाचे लिबर्टी हाइड बेली (१८५८–१९५४) यांनी ग्रामीण शाळांसाठी निसर्ग-अभ्यासाची चळवळ चालविली. मुलाने प्रथम परिसरातील जिवंत वस्तू पाहावी, नावे व वर्गीकरण मागाहून यावे, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक शाळांत कृषी शिकविणारे शिक्षक कसे तयार करावेत, यावर त्यांनी १९०८ मध्ये एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तत्पूर्वी, १९०७ च्या नेल्सन दुरुस्तीने महाविद्यालयांना मिळणाऱ्या अनुदानाचा काही भाग अशा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची मुभा दिली होती.

या सुरुवातीच्या काळात वर्गात शिकविण्याजोगे असे पशुपालनात नेमके काय होते? सर्वांत भक्कम गोष्ट होती ती दुधाच्या परीक्षेची. विस्कॉन्सिन येथील रसायनशास्त्रज्ञ स्टीव्हन बॅबकॉक (१८४३–१९३१) यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली व तिचे एकस्व घेण्याचे नाकारले. ठराविक मापाचे (१७·६ मिलि.) दूध अरुंद मानेच्या अंशांकित बाटलीत घ्यावयाचे, त्यात जवळजवळ तेवढेच सल्फ्यूरिक अम्ल घालावयाचे, केंद्रोत्सारण यंत्रात बाटली फिरवावयाची, गरम पाणी ओतून स्निग्धांश मानेत चढवावयाचा आणि त्याची उंची वाचावयाची. तोवर दुधाची किंमत मापावर ठरे. साहजिकच पाणी घालणाऱ्याचे आणि साय काढून घेणाऱ्याचे फावे. नव्या परीक्षेने हा व्यवहार सरळ झालाच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणती गाय खाल्लेल्या वैरणीची परतफेड करते व कोणती करीत नाही, हे मालकाला कळू लागले. गायींच्या दूधनोंदीसाठी डेन्मार्कमध्ये १८९५ मध्ये जसा संघ निघाला होता, तसा अमेरिकेतील पहिला संघ मिशिगन राज्यातील न्यूएगो परगण्यात १९०५ मध्ये स्थापन झाला. शाळेत मुलगा घरच्या गायींच्या दुधाचे नमुने आणू शके, आणि दुपारपर्यंत तयार होणारा तक्ता बापाच्या पन्नास वर्षांच्या अंदाजाला धक्का देऊ शके. पुस्तकी शेतीवरील अविश्वास कमी करण्यात व्याख्यानांपेक्षा या बाटलीचा वाटा मोठा असावा.

दुसरी शिकविण्याजोगी गोष्ट म्हणजे पशुपारख. जॉन क्रेग यांचे पशुपारखीवरील पुस्तक १९०१ मध्ये निघाले. त्यांनी रूढ केलेल्या गुणांकन-पत्रकात जनावराच्या एकेका अवयवाला ठराविक गुण असत. डोके, मान, खांदा, पाठ, कंबर, पुठ्ठा, पाय या सर्वांची बेरीज शंभर. पत्रकाचा सराव झाला, की विद्यार्थ्यापुढे चार जनावरे उभी करीत. ती दुरून, बाजूने, समोरून, मागून आणि अखेर हात लावून पाहावयाची, त्यांचा क्रम लावावयाचा आणि त्या क्रमाची कारणे उभे राहून तोंडी सांगावयाची. शिकागो येथे १९०० पासून भरू लागलेल्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनातील विद्यार्थ्यांच्या स्पर्धांनी या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. चार जनावरांचा गट व तोंडी कारणे ही रीत आजही टिकून आहे. निरीक्षण, तुलना आणि विधानाचे समर्थन यांचा इतका चांगला व्यायाम शालेय विषयांत क्वचितच आढळतो. त्यातील धोका उघड होण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले.

पशुखाद्याचे शिक्षण तक्त्यांवर चाले. विस्कॉन्सिनचेच विल्यम हेन्री यांचा पशुआहारावरील ग्रंथ (१८९८) अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. कोणत्या धान्यात प्रथिने, कर्बोदके व स्निग्ध पदार्थ किती, हे पाहून बेरीज-वजाबाकीने आंबोण ठरवावयाचे, ही त्याची रीत. या हिशोबाविषयी शंका घेणारा प्रयोग त्याच संस्थेत १९०७ मध्ये सुरू झाला. सोळा कालवडींचे चार गट करून एकाला केवळ मक्यापासून, दुसऱ्याला गव्हापासून, तिसऱ्याला ओटपासून व चौथ्याला तिन्हींच्या मिश्रणापासून केलेले खाद्य देण्यात आले. रासायनिक पृथक्करणानुसार चारही खाद्ये सारख्याच मोलाची होती. मक्यावरील कालवडी सुदृढ राहिल्या व त्यांना धडधाकट वासरे झाली. गव्हावरील कालवडी खंगत गेल्या व त्यांची वासरे अकाली जन्मून दगावली. १९११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या प्रयोगातील एक संशोधक एल्मर मकॉलम (१८७९–१९६७) हे मार्गरीट डेव्हिस यांच्यासह १९१३ मध्ये अ जीवनसत्त्वाच्या शोधापर्यंत पोहोचले, तो मार्ग या गोठ्यातूनच निघाला होता. शिक्षकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तक्ता बरोबर असूनही जनावर ‘नाही’ म्हणू शकते.

घरचा प्रकल्प : जनावराला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय प्रामुख्याने रूफस स्टिम्सन (१८६८–१९४७) यांना दिले जाते. मॅसॅचूसेट्स राज्यातील नॉर्दॅम्प्टन येथे १९०८ मध्ये उघडलेल्या स्मिथ कृषिविद्यालयाचे ते संचालक होते. शाळेच्या मालकीच्या शेतावर मुलांकडून काम करून घेण्याची तोवरची पद्धत त्यांना अपुरी वाटली. शाळेची गाय आटली किंवा शाळेची डुकरीण पिलांवर लोळली, तरी मुलाचे काही जात नाही; नफातोट्याची चिंता शाळा वाहते आणि मूल मजुरी करते. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने घरीच एखादे वासरू, डुकरांचे वेत किंवा कोंबड्यांचा कळप आपल्या जबाबदारीवर सांभाळावा, त्याचा खर्च व उत्पन्न लिहून ठेवावे, शाळेतील पाठ त्या कामाच्या गरजेतून निघावेत आणि शिक्षकाने घरोघर जाऊन देखरेख करावी, अशी त्यांची योजना होती. राज्याच्या शिक्षण मंडळाकडे १९११ मध्ये गेल्यावर त्यांनी ती राज्यभर नेली व १९१४ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाच्या पत्रिकेतून ती देशापुढे ठेवली.

विल्यम किलपॅट्रिक (१८७१–१९६५) यांचा ‘प्रकल्प पद्धती’वरील प्रसिद्ध लेख १९१८ चा आहे. आपल्याकडील अध्यापक-विद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांतून ही पद्धती प्रायः त्यांच्याच नावावर मांडली जाते. वस्तुतः प्रकल्प ही संज्ञा त्यापूर्वीच हस्तव्यवसायाच्या शिक्षणात व स्टिम्सन यांच्या योजनेत रुळलेली होती. किलपॅट्रिक यांनी तिचा अर्थ मनःपूर्वक केलेल्या कोणत्याही हेतुपूर्ण कृतीपर्यंत विस्तारला. पंजाबातील मोगा येथील अमेरिकन मिशनच्या अध्यापक-शाळेने १९२० नंतरच्या दशकात खेड्यातील मुलांसाठी तिचे प्रयोग केले. भारतात या पद्धतीचा गाजावाजा तेथून झाला. विस्ताराच्या या प्रवासात गोठा मागे पडला, आणि त्याबरोबर तोट्याची जबाबदारीही.

जॉर्जिया राज्याचे होक स्मिथ (१८५५–१९३१) व डडली ह्यूझ (१८४८–१९२७) यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ फेब्रुवारी १९१७ रोजी मंजूर झाला. कृषिशिक्षकांच्या वेतनाचा भार त्याने केंद्र आणि राज्य यांत निम्मेनिम वाटला, शिक्षक-प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद केली आणि चौदा वर्षांवरील प्रत्येक कृषिविद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केलेच पाहिजे, अशी अट घातली. स्टिम्सन यांची योजना अशा रीतीने कायद्यात उतरली. जनावरांना उन्हाळी सुटी नसते. म्हणून कृषिशिक्षकाची नेमणूक इतर शिक्षकांप्रमाणे नऊ महिन्यांची न राहता बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांची झाली. गोठ्यांना भेटी देण्यासाठी दुपारनंतर शाळेबाहेर पडणारा हा शिक्षक सहकाऱ्यांच्या हेव्याचा विषय होई, हेही तितकेच खरे.

पहिल्या घटकाचे नियोजन : या कायद्यानंतर छात्राध्यापकाचे काम नव्या स्वरूपात आखले गेले. महाविद्यालयात तीन-साडेतीन वर्षे पशुविज्ञान, पिके, मृदा व यंत्रे शिकल्यावर एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली तो गावात राहू लागे. पशुधनाच्या घटकासाठी पाठटाचण लिहिण्याआधी त्याने गावाची पाहणी करावी, अशी अपेक्षा असे : कोणाकडे कोणती जनावरे आहेत, दूध कोठे जाते, डुकरे केव्हा विकली जातात, कोणते रोग दरवर्षी येतात, वर्गातील कोणत्या मुलाने कोणता प्रकल्प घेतला आहे. पाहणीवरून ‘कामां’ची यादी होई. ‘डुकरांचे प्रकार’ हे प्रकरण, तर ‘विण्याच्या बेतात असलेल्या डुकरिणीची व्यवस्था लावणे’ हे काम. १९२० नंतरच्या प्रशिक्षणात भर होता तो प्रकरणांऐवजी कामांवर.

कामांना ऋतू असतो. गाय सु. २८३ दिवस, घोडी सु. ३४०, मेंढी सु. १४७ आणि डुकरीण सु. ११४ दिवस गाभण राहते. अंडे २१ दिवसांत उबते. म्हणून पशुधनाचा घटक आखताना पुस्तकातील अनुक्रमापेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका अधिक उपयोगी पडे. मार्चमध्ये व्यावयाच्या डुकरिणीसाठी नर नोव्हेंबरातच लावावा लागतो. तेव्हा प्रजननाचा पाठ शरदात आणि नवजात पिलांचा पाठ वसंताच्या तोंडाशी. मधल्या हिवाळ्यात पचनसंस्था, आहाराचे गणित व नोंदवह्यांचा हिशोब बसे. गाईचे चार कप्प्यांचे जठर, डुकराचे एकच जठर आणि कोंबडीची पेषणी यांची तुलना शिकली, की कडबा कोणाला चालतो व धान्य कोणाला लागते, याचे कारण आपोआप कळते. हा पाठ पहिल्या घटकात जवळपास नेहमीच आढळतो.

नवख्याच्या नियोजनातील दोष जुनेच आहेत. आपण महाविद्यालयात शिकलेले सर्व काही तीन आठवड्यांत सांगण्याचा मोह, जातींची लांबलचक यादी पाठ करून घेणे, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुरे आहेत व ज्यांनी वासराला कधी हातही लावलेला नाही, अशा मुलांना एकाच वर्गात एकच पाठ देणे. पहिल्या गटातील मुलगा छात्राध्यापकापेक्षा अधिक जाणतो. त्याच्याकडून शिकण्याची तयारी असेल, तर तो सहायक होतो. नसेल, तर तोच वर्गाला शिक्षक निरुपयोगी असल्याचे पटवून देतो. जनावराजवळ कोणत्या बाजूने जावे, वासराची दोरी मनगटाला गुंडाळू नये, पिलांजवळच्या डुकरिणीच्या कुंपणात एकट्याने उतरू नये, या सूचना पहिल्या दिवशी देण्याचा शिरस्ता अपघातांच्या अनुभवातून पडला आहे.

संघटना : शाळेबाहेर मुलांची मंडळेही निघाली. ओहायओ राज्यात ए. बी. ग्रॅहॅम (१८६८–१९६०) यांनी १९०२ मध्ये सुरू केलेल्या मंडळाकडे पुढील ‘फोर-एच’ चळवळीचा उगम म्हणून पाहिले जाते. कृषिविद्यार्थ्यांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना नोव्हेंबर १९२८ मध्ये कॅन्झस सिटी येथे स्थापन झाली. तेथील पशुप्रदर्शनाच्या निमित्ताने भरणाऱ्या पशुपारख-स्पर्धांसाठी विद्यार्थी आधीपासूनच तेथे जमत होते. हेन्री ग्रोझक्लोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्जिनियात उभारलेली संघटना नमुन्यादाखल समोर होती.

‘स्वतःचे जनावर’ ही अट दिसते तितकी सर्वांना खुली नव्हती. दक्षिणेत शाळा वर्णभेदाने विभागलेल्या होत्या. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही वेगळी संघटना १९३५ मध्ये टस्कीगी येथे राष्ट्रीय पातळीवर आली. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबातील मुलाला प्रकल्पासाठी जागा, वैरण व भांडवल तिन्ही परक्याच्या मर्जीवर मिळवावे लागे. १९६५ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. प्रत्यक्षात लहान संघटनेचे नाव, बोधचिन्हे व पदाधिकारी मोठीत विरून गेले. ५० हजारांहून अधिक सभासद असलेल्या संघटनेच्या या शेवटाला विलीनीकरण हा शब्द सौम्य आहे. मुलींना राष्ट्रीय सभासदत्व १९६९ मध्ये मिळाले. कोंबड्या आणि दूध या दोन्ही कामांत शेतकरी कुटुंबातील स्त्रियांचा वाटा नेहमीच मोठा होता, हे लक्षात घेता हा विलंब विशेषच नजरेत भरतो. १९८८ मध्ये संघटनेने आपल्या नावातील ‘शेतकरी’ या शब्दाचा आग्रह सोडून केवळ आद्याक्षरे ठेवली.

नजरेची चूक : पशुपारखीतील धोका मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या बाबतीत उघड झाला. १९३० नंतर प्रदर्शनांत ठेंगणी, रुंद, आखूड पायांची व लवकर मेदयुक्त होणारी गुरे पहिली येऊ लागली. विद्यार्थी तीच लक्षणे पाठ करीत, त्यांवर तोंडी कारणे देत आणि घरच्या प्रकल्पासाठी तशीच वासरे निवडीत. १९४० नंतरच्या दशकात हेरफर्ड व अँगस जातींच्या कळपांतून फुगीर कपाळाची, घोरत श्वास घेणारी, वाढ खुंटलेली खुजी वासरे मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. हा दोष अप्रभावी जीनाचा होता. तो एकेरी मात्रेत बाळगणारे जनावर बऱ्याचदा नेमके तसेच आटोपशीर दिसे, जसे परीक्षकांना हवे होते. म्हणजे बक्षिसे देता देता दोषाचीच निवड होत होती. पैदासकारांनी वंशावळी तपासून दोषवाहक वळू बाद केले. पुढे वजनवाढीची मोजणी व पैदाशीच्या नोंदी यांना महत्त्व आले. १९६८ मध्ये या नोंदींत एकसूत्रता आणणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. युरोपातील शारोले, सिमेंटाल यांसारख्या मोठ्या बांध्याच्या जातींचाही प्रसार झाला. तेव्हापासून शालेय स्पर्धांत जनावराबरोबर त्याच्या नोंदींचा कागदही देण्याची प्रथा वाढली. नजर आणि कागद यांत विरोध आला तर काय करावे, हे विद्यार्थ्याला आता स्वतःच सांगावे लागते.

प्रकल्पाचा शेवट हा शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड पाठ. मांसासाठी वाढविलेले जनावर मुलाने दहा-बारा महिने नावाने हाक मारून, धुऊन-पुसून सांभाळलेले असते. परगण्याच्या जत्रेत त्याचा लिलाव होतो व ते कत्तलखान्याकडे जाते. जुनी पाठ्यपुस्तके या प्रसंगाविषयी मौन पाळतात. अलीकडील शिक्षक घटकाच्या आरंभीच त्याची स्पष्ट कल्पना देतात आणि प्रजननासाठी किंवा दुधासाठी जनावर पाळण्याचा पर्याय पुढे ठेवतात. लिलावात गावातील व्यापारी कौतुकापोटी बाजारभावाहून पुष्कळ अधिक किंमत देतात, ही दुसरी अडचण. त्यामुळे स्टिम्सन यांना अभिप्रेत असलेल्या जमाखर्चाच्या वहीत असा नफा दिसतो, जो कोणत्याही शेतकऱ्याला कधी मिळत नाही.

उत्तरकाळ : शेतकऱ्यांची संख्या घटत गेली, तशी कायद्याची अट विसंगत ठरू लागली. १९६३ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने कृषिशिक्षणाची व्याप्ती शेतीपुरती न ठेवता तिच्याशी संबंधित अन्य व्यवसायांपर्यंत वाढविली. घरी गोठा असणे त्यामुळे अनिवार्य राहिले नाही. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९८८ च्या अहवालाने कृषी हा विषय विज्ञानाशी जोडून सर्वच विद्यार्थ्यांना शिकवावा, असा आग्रह धरला. जमीनदान-महाविद्यालयांचा नमुना दरम्यान भारतातही आला. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पंतनगर येथे १९६० मध्ये पहिले कृषी विद्यापीठ झाले व १९६८ मध्ये महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ राहुरी येथे स्थापन झाले. मात्र आला तो विद्यापीठांचा नमुना. शाळकरी मुलाच्या घरच्या प्रकल्पाला कायद्याचा आधार देणारी व्यवस्था त्याबरोबर आली नाही. राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव देण्यात आले, त्या जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली होती ती प्राथमिक शाळांत शेतीचे मूलभूत ज्ञान देण्याची. [⟶ कृषिशिक्षण].

महानगरांतही अशी विद्यालये निघाली. फिलाडेल्फिया येथील सॉल विद्यालय १९४३ पासूनचे आहे, तर शिकागो येथे कृषिविज्ञानाचे विद्यालय १९८५ मध्ये सुरू झाले. अशा शाळांतील पहिल्या घटकाला विद्यार्थ्यांचे गोठे उपलब्ध नसतात. म्हणून शाळेच्या आवारात थोड्या गाई, शेळ्या, ससे, कोंबड्या ठेवल्या जातात किंवा वर्गात अंडी उबविण्याची पेटी मांडली जाते. स्टिम्सन यांनी शाळेच्या शेताविरुद्ध घेतलेला आक्षेप त्यामुळे पुन्हा उभा राहतो. त्यावर काढलेला तोडगा साधा आहे : जनावरे विद्यार्थ्यांच्या नावे वाटून दिली जातात, वैरण-पाण्याच्या पाळ्या लावल्या जातात व नोंदवही ज्याची त्याने लिहावयाची असते. नाताळच्या सुटीतील पाळ्या कोणी घ्यावयाच्या, हे डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात ठरते.